ठिणगी केव्हा पाडायची, हे आता कोण ठरवतं?
पेट्रोल गाडीच्या इंजिनातील संगणक : त्याचं काम आणि आपण घ्यायची काळजी



यंत्रांची निगा हा विषय निघाला की पूर्वी प्रश्न यायचे ते ट्रॅक्टरचे आणि विहिरीवरच्या इंजिनाचे. अलीकडे मात्र एक वेगळाच प्रश्न गावोगाव कानावर येतो. "साहेब, जुन्या जीपचं टायमिंग आमचा मिस्त्री झाडाखाली बसून बांधून द्यायचा. आता माल न्यायला पेट्रोलची नवी गाडी घेतली, तर तो म्हणतो, हिच्या टायमिंगला हात लावता येत नाही, सगळं कॉम्प्युटर करतो. मग बिघडलं तर आम्ही करायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. यात आपला पैसा गुंतलेला आहे. एखादी तार उंदराने कुरतडलेली असते, आणि आपण मात्र महागडा संगणक बदलून बसतो. म्हणून या पत्रकात आधी हे काम चालतं कसं ते पाहू, आणि मग काय सांभाळायचं ते पाहू.

ठिणगी थोडी आधी का पाडतात?

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली-वर होतो. तो खाली जाताना हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण आत ओढतो, वर येताना ते दाबतो. मग प्लगमध्ये ठिणगी पडते, मिश्रण पेटतं, दाब वाढतो आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो जळालेला धूर बाहेर टाकतो. या चार धावांत क्रँकचे दोन फेरे होतात. गाडी चालते ती यांपैकी एकाच, ढकलणाऱ्या धावेवर.

झोपाळ्यावर बसलेल्या पोराला आपण झोका केव्हा देतो? झोपाळा आपल्याकडे पूर्ण येऊन परत फिरला की लगेच. इंजिनातही जोराचा धक्का बसायला हवा तो दट्ट्या माथ्यावर पोचून खाली वळल्यानंतर लगेच. पण मिश्रण काही क्षणात पेटून उठत नाही. ठिणगीपासून जाळ सुरू होतो, तो पसरत जातो आणि मग पूर्ण दाब तयार होतो. याला वेळ लागतो. म्हणून ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या आधीच पाडावी लागते.

दारं धरणाऱ्याला हे लवकर कळेल. वाफा काठोकाठ भरेपर्यंत तो थांबत नाही. पाटात मागून येणारं पाणी अजून वाफ्यात उतरायचं आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो पुढचं दार थोडं आधी मोडतो. किती आधी, ते पाण्याचा जोर, जमिनीचा उतार आणि जमीन काळी की मुरमाड यावर ठरतं. ठिणगीचा हिशेब असाच आहे.

आता थोडी आकडेमोड करू. क्रँकचा एक पूर्ण फेरा म्हणजे ३६० अंश. समजा, मिश्रण पेटून पूर्ण दाब यायला एका सेकंदाचा हजारावा भाग, असे दोन भाग लागतात. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात क्रँक १२ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात तो ३६ अंश फिरतो. म्हणजे वेग वाढला की ठिणगी जास्त अंश आधी पाडायला हवी. प्रत्यक्षात वेगाबरोबर मिश्रण जास्त घुसळलं जातं आणि थोडं भराभर जळतं, त्यामुळे फरक एवढा मोठा राहत नाही. पण नियम तोच.

आणि ही घाई किती आहे पाहा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. प्रत्येकीची वेळ नेमकी लागते.

लवकर झालं तर आणि उशीर झाला तर

ठिणगी आधी सरकवण्याला मिस्त्री अ‍ॅडव्हान्स म्हणतात, मागे ओढण्याला रिटार्ड.

ठिणगी उशिरा पडली, तर दट्ट्या बराच खाली गेल्यावर दाब तयार होतो. धक्का वाया जातो, जाळाची उष्णता धुराबरोबर निघून जाते. गाडी ओढत नाही, जास्त तापते आणि पेट्रोल जास्त खाते.

ठिणगी फार लवकर पडली, तर दट्ट्या वर येत असतानाच दाब त्याला उलटा रेटतो. त्याहून वाईट गोष्ट पुढे होते. प्लगपासून दूर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने, जाळ पोचण्याआधीच, एकदम भडकतं. त्याचा हातोड्यासारखा दणका बसतो. चढावर इंजिनातून धातूवर खडे पडल्यासारखी टकटक ऐकू येते ना, ती हीच. मिस्त्री तिला नॉकिंग म्हणतात. क्वचित कधी आली तर फार बिघडत नाही. रोज जोरात होऊ लागली, तर दट्ट्याचा माथा खरवडला जातो, रिंगा तुटतात, पुढे दट्ट्याला भोकही पडतं. मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणजे खरा फायदा असतो तो नॉकिंगच्या अगदी अलीकडच्या काठावर. त्या काठावर इंजिन धरून ठेवणं, हेच टायमिंगचं काम.

पूर्वीची सोय

अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॅटरी, कॉइल आणि उघड-मीट करणारे पॉइंट यांची पद्धत रूढ केली. आपल्याकडच्या अँबॅसिडर, पद्मिनी आणि पेट्रोलच्या जीपगाड्या याच पद्धतीवर चालत. डिस्ट्रिब्यूटरमध्ये दोन वजनं स्प्रिंगांना बांधलेली असत. वेग वाढला की ती बाहेर फेकली जात आणि ठिणगी आधी सरके. गाडीवरचा भार ओळखायला एक पडदा असे. इंजिनाच्या ओढीने तो हले आणि ठिणगी पुढे-मागे करी.

सोय चांगली होती, पण ढोबळ. स्प्रिंगा सैल पडत, पॉइंट झिजत आणि जळत, की टायमिंग सरकलंच. म्हणून दर काही महिन्यांनी मिस्त्रीकडे जावं लागे. शिवाय इंजिन किती तापलं आहे, पेट्रोल कसलं भरलं आहे, नॉकिंग सुरू झालं आहे का, हे त्या वजनांना कळण्याची सोय नव्हती.

१९७७ मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या अमेरिकन मोटारीत ठिणगीची वेळ ठरवण्याचं काम मायक्रोप्रोसेसर नावाच्या छोट्या संगणकाकडे दिलं. १९७९ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीची मोट्रॉनिक ही यंत्रणा बीएमडब्ल्यूच्या गाडीत आली. तिच्यात पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची, ही दोन्ही कामं एकाच पेटीतून होऊ लागली. आपल्याकडे धुराचे नियम कडक होत गेले तशी ही पेटी गाड्यांत आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, तेव्हापासून बहुतेक नव्या मोटारसायकलींतही ती असते. म्हणजे हा विषय फक्त मोटारवाल्यांचा राहिलेला नाही.

संगणक काय पाहतो?

या पेटीला ईसीयू किंवा ईसीएम म्हणतात. तिला स्वतःला काही दिसत नाही. तिचे कान-डोळे म्हणजे इंजिनावर ठिकठिकाणी बसवलेले सेन्सर.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे क्रँकचा सेन्सर. क्रँकबरोबर एक दातेरी चाक फिरतं. नेहमीच्या एका रचनेत त्यावर ६० दात्यांची जागा असते, पण दोन दाते मुद्दाम ठेवलेले नसतात. दर दाता म्हणजे ६ अंश. दाते किती भराभर जातात यावरून वेग कळतो, आणि रिकामी जागा आली की क्रँक नेमका कुठे आहे ते कळतं. मोटेच्या नाड्याला खुणेची गाठ मारावी, तसं हे आहे.

दुसरा कॅमचा सेन्सर. दट्ट्या वर येतो तो मिश्रण दाबायला की धूर टाकायला, हे तो सांगतो.

तिसरा हवेच्या दाबाचा किंवा हवेच्या मापाचा सेन्सर. इंजिनात किती हवा जाते, म्हणजेच भार किती आहे, ते त्यावरून कळतं.

चौथा पाण्याच्या तापमानाचा, आणि त्याच्या जोडीला आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा.

पाचवा नॉक सेन्सर. हा इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टाने घट्ट बसवलेला असतो. नॉकिंगची बारीक थरथर तो पकडतो. आपल्या कानाला टकटक येण्याआधीच ती त्याला कळू शकते. लहान मोटारसायकलींना हा सेन्सर बहुधा नसतो.

संगणक ठरवतो कसं?

त्याच्या आठवणीत एक तक्ता भरलेला असतो. आडव्या ओळीत इंजिनाचा वेग, उभ्या ओळीत भार, आणि प्रत्येक चौकोनात ठिणगी किती अंश आधी पाडायची तो आकडा. कारखान्यात इंजिन तासन्‌तास चालवून हे आकडे काढलेले असतात. खताची मात्रा ठरवताना आपण माती परीक्षणाचा अहवाल आणि पिकाचा तक्ता शेजारी ठेवून पाहतो, तसंच हे.

समजा, इंजिन ३,००० फेऱ्यांवर आहे आणि रस्ता सपाट आहे. सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ, ते सावकाश जळतं. तक्ता म्हणेल, ३५ अंश आधी. तोच वेग, पण गाडी भरलेली आणि पाय पूर्ण दाबलेला. मिश्रण दाट, ते भराभर जळतं आणि नॉकिंगचा धोकाही मोठा. तक्ता म्हणेल, २५ अंश. हे आकडे समजण्यापुरते. दर इंजिनाचा तक्ता निराळा.

मग त्यात दुरुस्त्या होतात. इंजिन किंवा हवा फार तापली असेल, तर काही अंश मागे. नॉक सेन्सरने थरथर कळवली, तर लगेच आणखी मागे. थरथर थांबली की ठिणगी हळूहळू पुन्हा पुढे.

आकडा ठरला की कॉइल भरायची. कॉइल भरायला साधारण सेकंदाचे तीन हजारावे भाग लागतात. संगणक तेवढं आधी तिच्यात वीज सोडतो आणि नेमक्या अंशाला तोडतो. वीज तुटली की कॉइलमधून वीस-तीस हजार व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. बॅटरी अशक्त असेल तर कॉइल भरायला जास्त वेळ लागतो. संगणक तेही जमेला धरतो. पण स्टार्टर मारताना बॅटरी फारच खाली गेली, तर संगणकच नीट चालत नाही. इंजिन गरगरतं, पण ठिणगी नाही. तेव्हा आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं पाहावीत.

घाटात काय होतं?

टोमॅटोचे क्रेट भरून तुम्ही घाट चढताय. वरचा गिअर, वेग कमी, पाय पूर्ण दाबलेला, दुपारचं ऊन. नॉकिंगला याहून चांगली संधी नाही. संगणक ठिणगी मागे ओढतो आणि इंजिन वाचवतो, पण त्यामुळे ताकद घटते. आपल्याला वाटतं गाडी मेली, म्हणून आपण पाय आणखी दाबतो. त्यापेक्षा वेळेवर खालचा गिअर टाका. इंजिन मोकळं फिरेल, भार हलका होईल आणि संगणक ठिणगी पुन्हा पुढे आणील. संगणक असला तरी गिअर आपल्याच हातात आहे.

इंधन बदललं तर?

सीएनजी नॉकिंगला खूप दाद देत नाही, पण तो पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. म्हणून त्याला ठिणगी जास्त आधी लागते. कारखान्यातून सीएनजी बसवून आलेल्या गाडीत त्यासाठी वेगळा तक्ता असतो. बाहेरून किट बसवणार असाल, तर अधिकृत ठिकाणीच बसवा आणि टायमिंगची काय व्यवस्था केली आहे ते विचारा. नुसता गॅस जोडून दिला, तर गाडी ओढणार नाही.

आपल्या उसापासून निघणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. इथेनॉलही नॉकिंग रोखतं. मात्र लिटरमागे त्यात पेट्रोलच्या मानाने उष्णता सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणून मिश्रणावर गाडी थोडी कमी चालणं साहजिक आहे. तुमच्या गाडीला कुठलं मिश्रण चालतं ते गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या.

रॉकेलची भेसळ मात्र घातकच. रॉकेल लगेच नॉकिंग करतं. संगणक ठिणगी मागे ओढत राहतो, पण त्याच्या मागे ओढण्यालाही मर्यादा आहे. पेट्रोल खात्रीच्या पंपावरच भरा आणि पावती घ्या.

ट्रॅक्टरचं काय?

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवतात की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. तिथे टायमिंग म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ. जुन्या ट्रॅक्टरमध्ये ती पंपावर बांधलेली असते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांत ही वेळ संगणक ठरवू लागला. तेव्हा पुढे दिलेली काळजी अशा ट्रॅक्टरलाही लागू आहे.

पिवळा दिवा लागला तर

मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा असतो. चावी फिरवल्यावर तो लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा.

दिवा सतत लागून राहिला, तर गाडी एकदम थांबवायची गरज नाही, पण लवकर तपासून घ्या. तापमानाचा किंवा नॉक सेन्सर बिघडला, तर संगणक अंदाजाने, सावधपणे ठिणगी पाडतो. गाडी चालते, पण ओढत नाही आणि पेट्रोल जास्त पिते.

दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन हिसके देत असेल, तर वेग कमी करून गाडी बाजूला घ्या. एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटत नाही आणि न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीतल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो वितळला, तर खर्च मोठा.

क्रँकचा सेन्सर पूर्ण गेला, तर ठिणगी कुठे पाडायची हेच कळत नाही. बहुतेक गाड्या मग सुरूच होत नाहीत.

तपासणीत यंत्र एक क्रमांक दाखवतं. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरची जोडणी, पी०३२५ म्हणजे नॉक सेन्सरची, पी०३०० म्हणजे मिश्रण नीट न पेटणं, पी०३०१ म्हणजे तेच पहिल्या सिलिंडरमध्ये. हा क्रमांक कागदावर लिहून मागा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा : क्रमांक बिघाडाची वाट दाखवतो, कुठला भाग मेला हे सांगत नाही. सेन्सर चांगला असून तार तुटलेली असू शकते, जोडाला गंज आलेला असू शकतो. आधी तार, जोड आणि अर्थिंग तपासायला सांगा, मग भाग बदला. संगणकाची पेटी बदलण्याची पाळी सर्वांत शेवटी.

अजून एक घोटाळा होतो तो शब्दाचा. टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन ही निराळी वस्तू. ती क्रँक आणि झडपांची सांगड घालते. ती झिजते, आणि संगणक ती बदलू शकत नाही. पुस्तकात दिलेल्या मुदतीत ती तपासून घ्या.

काय करावे

१. बॅटरीची टर्मिनलं स्वच्छ आणि घट्ट ठेवा. इंजिनाला आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची तारही पाहा.
२. पुस्तकात सांगितलेल्याच क्रमांकाचा प्लग घाला आणि मुदतीत बदला.
३. हौद्याला किंवा कॅरिअरला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडून ठेवा. आधी ऋण टोक, मग धन. वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या जागेजवळच लावा.
४. गाडी कडबा-धान्याच्या शेजारी लावू नका. तिथे उंदीर येतात. लावावीच लागली, तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून तारा पाहा.
५. हवेचा फिल्टर आणि इंजिनाचं पाणी वेळेवर पाहा. तापलेलं इंजिन लवकर नॉकिंग करतं.

काय करू नये

१. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून चार्जिंग तपासू नका. जुन्या गाडीत ती सवय चालून गेली. आता त्या झटक्याने संगणक जळू शकतो.
२. १२ व्होल्टच्या गाडीला २४ व्होल्टच्या ट्रकवरून बॅटरी जोडू नका.
३. धुलाईच्या पंपाची जोराची धार सेन्सर, कॉइल आणि जोडांवर मारू नका.
४. हॉर्न, दिवे, टेप बसवताना इंजिनाच्या तारा सोलून जोड काढू नका.
५. ठिणगी आहे का ते पाहायला प्लगची तार हातात धरू नका. दाब हजारो व्होल्टचा आहे.

आपल्या मिस्त्रीचं काम यामुळे संपलं असं समजू नका. टायमिंग बांधायचं राहिलं नाही; तारा, जोड, प्लग, बॅटरी आणि थंडावा सांभाळायचं काम मात्र वाढलं आहे. संगणक आकडा बरोबर काढील, पण त्याला खरी खबर पोचली तरच. ती पोचवणाऱ्या तारा आपल्या ताब्यात आहेत.

हा कागद गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, आणि गाडी दुरुस्तीला टाकताना एकदा वाचून मगच निघा.